मोबाइल गेमला रानातला बिल्ला नको

आमच्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडे सुट्टीत मुलांची निसर्ग शिबिरं होतात, रानात फिरवतात, पक्षी दाखवतात, तंबू ठोकायला आणि गाठी मारायला शिकवतात, मी पण अशाच एका छोट्या ग्रुपला मदत करते. हल्ली मुलं कमी येतात आणि जी येतात त्यांचं अर्धं लक्ष घरी राहिलेल्या मोबाइलकडे असतं. म्हणून मागच्या मीटिंगमध्ये एका पालकांनी सुचवलं की शिबिरातच रोज एक तास गेमिंगचा ठेवा, फुटबॉलच्या गेमची स्पर्धा घ्या, जिंकणाऱ्याला बाकीच्यांसारखंच मेडल द्या, मुलं आपोआप येतील. तीन-चार जणांनी लगेच माना डोलावल्या, एकाने तर चार टॅब घेऊन द्यायची तयारी पण दाखवली. मला हे पटलं नाही. का पटलं नाही ते नीट मांडावं म्हणून लिहितेय, कारण सुचवणारा माणूस मुलांचं भलंच बघत होता आणि त्याच्या बोलण्यात तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ही कल्पना नवीन पण नाहीये. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या शंभर वर्षं जुन्या संघटनेने २०१० साली आपल्या छोट्या कब स्काउट मुलांसाठी व्हिडिओ गेम्सचा बिल्ला काढला होता, एक पट्ट्यात अडकवायचा लूप आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे एक पिन. १९०७ मध्ये बेडन पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन जो कॅम्प केला त्यातून स्काउटची ही सगळी चळवळ उभी राहिली, आग पेटवायची, माग काढायचा, नकाशा वाचायचा, आणि त्याच चळवळीत आता गेम खेळल्याचा बिल्ला, म्हटल्यावर तिकडे बरीच चर्चा झाली, कोणी चेष्टा केली कोणी बाजू घेतली. पण चेष्टा करण्याआधी त्या बिल्ल्यासाठी मुलाने नेमकं काय करायचं होतं ते बघायला हवं, कारण त्यात थोडं सोनं आहे.

लूप मिळवायला तीन गोष्टी होत्या. गेमना वयाचं रेटिंग का असतं ते समजावून सांगायचं आणि आपल्याकडचे गेम आपल्या वयाला योग्य आहेत का ते तपासायचं. मोठ्या माणसाबरोबर बसून घरकाम, अभ्यास आणि गेम या सगळ्याचं वेळापत्रक करायचं आणि ते पाळायचा प्रयत्न करायचा. आणि तिसरी, आईबाबांनी किंवा शिक्षकांनी परवानगी दिलेला एक नवीन गेम खेळायला शिकायचा. पिनसाठी आणखी यादी होती, त्यातल्या पाच गोष्टी करायच्या, उदाहरणार्थ दोन गेमिंग सिस्टिमची तुलना करणे, एकाच गेमची तीन दुकानांतली किंमत बघणे, घरच्यांबरोबर टूर्नामेंट खेळणे, मित्राबरोबर एक तास गेम खेळणे, गेम विकत घ्यायचा प्लॅन करणे.

आता पहिल्या दोन गोष्टी मला मनापासून आवडतात. आमच्याकडे किती घरांत आईबाप मुलाच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते बघतात? प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+ असं लिहिलेलं असतं ते किती जणांनी कधी वाचलंय? चौथीतला मुलगा सोळा वर्षांवरच्यांसाठीचा गोळीबाराचा गेम खेळतो आणि आजी कौतुकाने सांगते की बघ कसा पटापट बोटं चालवतो. हे आजीचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नाही. तेव्हा वेळापत्रक आणि रेटिंग शिकवणं हे काम कोणीतरी करायलाच हवं, आणि ते त्या संघटनेने केलं हे बरंच झालं.

पण त्या तीन गोष्टींतली तिसरी बघा. नवीन गेम शिकणे. आणि पिनच्या यादीत विकत घ्यायचा प्लॅन, सिस्टिमची तुलना, दुकानातल्या किमती. म्हणजे सुरुवात केली संयमापासून आणि पोचले खरेदीपर्यंत. माझी खरी हरकत इथे आहे. बिल्ला म्हणजे नुसता कापडाचा तुकडा नसतो हो, लहान मुलासाठी तो मोठ्या माणसांच्या एका अख्ख्या संघटनेने दिलेला शब्द असतो, की बाबा तू हे केलंस ते चांगलं केलंस, आणखी कर. हा शब्द आपल्याकडे मोजकाच आहे. तो कुठे खर्च करायचा ते आपण ठरवतो, आणि ज्या गोष्टीला पुढे ढकलायला दुसरं कोणी नाही तिथेच तो खर्च व्हायला हवा.

गेमला पुढे ढकलायला कोणी नाही का? पूर्ण एक धंदा आहे, जगातला प्रचंड मोठा धंदा, आणि त्याचं कामच मुळी बक्षीस देणं आहे. गेम उघडला की रोजच्या लॉगिनचं नाणं, सात दिवस सलग आलास तर पेटी, लेव्हल वाढली की फटाके, नवीन स्किन, नवीन बॅज, लीडरबोर्डवर नाव, आणि एक दिवस आला नाहीस तर स्ट्रीक तुटली म्हणून नोटिफिकेशन. शिकलेली हुशार माणसं पगार घेऊन हेच ठरवत बसलेली असतात की दहा वर्षांच्या मुलाला अकराव्या मिनिटाला काय दिलं म्हणजे तो बाराव्या मिनिटापर्यंत थांबेल. तिथे बक्षिसांचा पाऊस पडतोय. त्यात आमच्या शिबिराने आणखी एक थेंब टाकून काय होणार? आणि उलट बाजूला बघा, रायबंदरच्या फेरीत बसून चोडणला गेलेला मुलगा खारफुटीच्या चिखलात अर्धा तास न बोलता उभा राहून निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे ते छोटे मासे, कशा उड्या मारतात ते बघतो, त्याला कोण नाणं देतं? कोणी नोटिफिकेशन पाठवतं का की काल तू करमळीच्या तळ्यावर आला नाहीस, अडया, ती शीळ घालणारी बदकं, तुझी वाट बघतायत? तिथे फक्त आम्ही आहोत. आमचा एक साधा बिल्ला आहे. तो पण गेमला देऊन टाकला तर रानाच्या बाजूने बोलायला कोण राहिलं?

कोणी म्हणेल, कब स्काउटच्या त्याच योजनेत बुद्धिबळाचा पण लूप होता आणि गोट्यांचा सुद्धा होता, ते चालतं आणि व्हिडिओ गेम चालत नाही हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. बुद्धिबळ काय घरात बसूनच खेळतात, घाम तिथे पण येत नाही. माझं उत्तर असं की फरक घर आणि मैदान हा नाहीच. बुद्धिबळाचा डाव संपतो. मात झाली की संपलं, पट आवरून ठेवायचा. लगोऱ्या संपतात, कोयंडो-बाल, म्हणजे आमचा विटीदांडू, अंधार पडला की संपतो, आणि त्या गोट्या किंवा तो दांडू मुलाच्या मागे घरापर्यंत येऊन म्हणत नाही की आणखी एक डाव खेळ नाहीतर तुझं नुकसान होईल. मोबाइलवरचे बरेचसे फुकट गेम मात्र न संपण्यासाठीच बनवलेले असतात, आणि फुकट का, तर आतमध्ये पैसे लावायची सोय असते म्हणून. सगळे गेम असे नाहीत हे मला माहीत आहे, कोडी सोडवायचे, गोष्ट सांगणारे, शेवट असलेले सुंदर गेम आहेत. पण मुलं कुठले खेळतात ते त्यांच्या शेजारी बसून बघा.

आणि पैसे लावण्यावरून सांगते, गोव्यात आपण मांडवीतल्या कसिनोंच्या बोटी रोज बघतो. त्यात एकवीस वर्षांखालच्याला प्रवेश नाही, आणि २०२० पासून गोंयकारांना तिथे जुगार खेळायला सरकारने बंदी घातली. म्हणजे नशिबावर पैसे लावणं मुलांसाठी आणि आपल्या माणसांसाठी वाईट हे आपण समाज म्हणून मान्य केलंय. मग गेममधली ती बंद पेटी, जिच्यात काय निघेल ते पैसे भरल्याशिवाय कळत नाही, ती वेगळी कशी? बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र मान्यता दिली. यावरून मीटिंगमध्ये एक भाऊ म्हणाले की सरकारच ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणतंय, २०२३ च्या हांगझोच्या एशियन गेम्समध्ये त्याला पदकं होती, मग तुम्ही कोण नाही म्हणणाऱ्या? मी खेळ नाही असं म्हणतच नाही. ज्याला त्यात करिअर करायचंय त्याने जरूर करावं, त्यासाठी वेगळे क्लब असावेत, वेगळे कोच असावेत. पण क्रिकेटच्या अकॅडमीकडून आपण तबल्याची परीक्षा घ्यायची अपेक्षा ठेवत नाही. रानात नेणाऱ्या ग्रुपने रानात न्यावं, एवढंच.

आता मी माझ्याच बाजूला एक अवघड प्रश्न विचारते, कारण तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बक्षीस दिल्याने आवड वाढते हे तरी कुठे नक्की आहे? १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफोर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला होता, मानसशास्त्र शिकलेल्या सगळ्यांना तो माहीत असतो. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. थोड्या दिवसांनी बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं आपणहून चित्र काढायला बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ देत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही.

यावरून एकजण मला म्हणाला, मग तर उत्तमच, गेमला बक्षीस द्या म्हणजे पोरांची गेमची आवड कमी होईल! ऐकायला छान वाटतं पण तसं होणार नाही, कारण गेमच्या आत आधीच इतकी बक्षिसं आहेत की आमच्या मेडलने त्यात काही हलणार नाही, मुलाच्या डोक्यात फक्त एवढंच राहील की शिबिरातली ताई पण याला चांगलं म्हणते. या प्रयोगातून मी जे घेते ते वेगळं आहे, आणि ते आम्हालाच लागू होतं. रानात फिरायला मुळातच मजा येते, त्याला आमिष लावलं तर ती मजा पातळ होऊ शकते. पन्नास पक्षी ओळखा आणि मेडल मिळवा असं सांगितलं की मुलं पक्षी बघत नाहीत, पन्नास मोजतात. म्हणून आमचे बिल्ले पण मोजके असावेत, काहीतरी खरोखर यायला लागलं म्हणून मिळावेत, आणि शक्यतो आधी जाहिरात करून नव्हे. भारत स्काउट्स अँड गाईड्समध्ये प्रथम सोपान, द्वितीय सोपान अशा पायऱ्या आहेत, त्यात गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, दिशा ओळखणं अशी हाताने करायची कौशल्यं आहेत, मुलाला गाठ मारता येते की नाही ते सरळ दिसतं. मी अमुक तास रानात बसलो म्हणून बिल्ला, असं तिथे नसतं. आणि म्हणूनच मित्राबरोबर एक तास गेम खेळलो म्हणून पिनकडे एक पाऊल पुढे, हे मला इतकं खटकलं.

बक्षिसामुळे काय होतं याचं आपल्या घरातलंच उदाहरण म्हणजे माटोळी. चवथीच्या आधी मोठी माणसं मुलांना घेऊन रानात जातात, कवंडळं, कांगलां, माट्टुळां, घागऱ्या, काय काय शोधून आणतात, आणि गणपतीच्या वर टांगतात. कुठलं फळ कुठल्या डोंगरावर, कुठलं विषारी, कुठलं औषधाचं, हे सगळं मुलांना पाठ न करता येतं कारण आजोबांच्या मागून चालताना ते कानावर पडत असतं. कला व संस्कृती संचालनालय राज्य पातळीवर माटोळीची स्पर्धा घेतं, त्यामुळे ही परंपरा पुन्हा लोकांच्या डोळ्यांत भरली, शहरात राहायला गेलेली माणसं सुद्धा नावं विचारायला लागली, हे फार मोठं काम झालं. पण त्याच वेळी माझ्यासारख्यांना काळजी पण वाटते की संख्या वाढवायच्या नादात एखादी दुर्मिळ वेल मुळासकट उपटली जाऊ नये. म्हणजे चांगल्या गोष्टीला दिलेलं बक्षीस सुद्धा सांभाळून द्यावं लागतं, कशाला देतोय ते नीट बघावं लागतं. मग ज्या गोष्टीच्या चांगुलपणाबद्दल आपल्यालाच शंका आहे तिला बक्षीस देताना किती विचार करायला हवा.

शरीराचा मुद्दा मी थोडक्यात सांगते, तो सगळ्यांना माहीतच असतो. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळ्यांबद्दल मात्र अनेक पालकांना माहिती नसते. चीनमधल्या ग्वांगझोच्या बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये तो छापून आला. सहा शाळांत रोज फक्त ४० मिनिटांचा जादा तास बाहेर उजेडात ठेवला. तीन वर्षांनी हा जादा तास नसलेल्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, म्हणजे लांबचं धूसर दिसायला लागलं होतं, जादा तास असलेल्या शाळांत ३०.४ टक्के. रोज थोडा जादा वेळ बाहेर उजेडात घालवण्याने एवढा फरक. आणि आपल्याकडे उजेडाला काय तोटा आहे? आमच्याकडे बऱ्याच शाळा दीडच्या सुमारास सुटतात, अख्खी दुपार आणि संध्याकाळ मोकळी असते, देशात कितीतरी शहरांतल्या मुलांना ही चैन नाही. आणि ती दुपार आपण मोबाइलला देऊन टाकतोय.

पण का देतोय? इथे मुलांना दोष देणारे लेख मला वाचवत नाहीत. आजकालची मुलं अशी नि तशी. मुलांनी मोबाइल स्वतः विकत घेतला नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपणच त्यांच्या हातात फोन दिला, अभ्यास यावरच आहे म्हणून सांगितलं, सत्तरी, सांगे, काणकोणमधली कितीतरी मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून बसायची. डोंगर चढायचा तो रेंजसाठी, हे आपण त्यांना शिकवलं. शाळा सुरू झाल्या, फोन हातातच राहिला. घरात आई आणि बाबा दोघंही कामाला, आजी थकलेली, शेजारी बंगल्याला कुंपण आणि कुत्रा, मैदान होतं तिथे पार्किंग, रस्त्यावर टुरिस्टांच्या भाड्याच्या गाड्या सुसाट, सायकलवर मुलाला एकटं पाठवायचं म्हणजे आईचा जीव वर-खाली. पावसात धबधब्यांवर, चिऱ्याच्या खाणींत साठलेल्या पाण्यात दरवर्षी कोणीतरी पोर बुडतं, बातमी येते, मग बंदीचे आदेश निघतात. अशा वेळी आईला वाटतं की सोफ्यावर मोबाइल घेऊन बसलेला मुलगा निदान डोळ्यासमोर तरी आहे. ही भीती खरी आहे आणि तिला मी हसणार नाही. पण भीतीवर उपाय म्हणजे मुलाला पोहायला शिकवणं, व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी कधी वाढतं ते ओळखायला शिकवणं, कुठे उतरायचं नाही ते दाखवणं, आणि हे घरात बसून येत नाही. आमच्यासारखे ग्रुप मुळात यासाठी असतात. रानाची भीती असलेल्या मुलाला रान ओळखीचं करून द्यायचं.

आता सगळ्यात मोठा युक्तिवाद, गळाला आमिष लावल्याशिवाय मासा येत नाही. गेमच्या निमित्ताने येऊ दे, मग हळूहळू रानाची गोडी लागेल. मला यात दोन अडचणी दिसतात. जो मुलगा गेमसाठी आला तो गेमच्या तासाची वाट बघणार, सकाळचा ट्रेक म्हणजे त्याच्यासाठी भरावी लागणारी फी होणार. रान मग शिक्षा आणि स्क्रीन बक्षीस, हे समीकरण घरात तर आधीच आहे, अभ्यास कर मग मोबाइल देते, तेच आपण रानात पण नेणार. आणि दुसरी अडचण त्या मुलांची जी आज गेमशिवाय येतात. पाच-सहा अशी असतात ज्यांच्या घरी चांगला फोन नाही, किंवा ज्यांना खेळात सफाई नाही, वर्गात मागे असतात, बोलत कमी. अशा मुलांना मी रानात फुलताना बघितलंय. आंब्याच्या झाडावर सरसर चढणारी, साप दिसला तर न घाबरता सगळ्यांना मागे थांबवणारी पोरगी गेमच्या स्पर्धेत शेवटची येईल, कारण तिने तो कधी खेळलेलाच नाही. जिथे ती पहिली होती ती एकच जागा, ती पण आपण तिच्याकडून काढून घेणार का? महाग फोन असलेला मुलगा शाळेत पुढे, व्हॉट्सॲपवर पुढे, आणि शिबिरात पण त्यालाच मेडल. मला हे सहन होत नाही.

उलट बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, ज्या मुलाला चालता येत नाही किंवा ज्याला गर्दीत त्रास होतो त्याच्यासाठी गेम हेच मित्र मिळवायचं दार असू शकतं. त्या मुलासाठी वेगळा विचार जरूर व्हावा. पण तो विचार म्हणजे त्याला टॅब देऊन तंबूत बसवणं हा नको, व्हीलचेअर जाईल अशी वाट शोधणं, पक्ष्यांचे आवाज ओळखायचा सेशन ठेवणं, हे आधी करून बघूया.

फोनलाच विरोध आहे असंही कोणी समजू नये. स्काउटांनी तंत्रज्ञानाला कधी नाही म्हटलं नाही, १९५८ पासून जगभरचे स्काउट हॅम रेडिओवरून एकमेकांशी बोलतात, नंतर तेच इंटरनेटवरून पण सुरू झालं. आमची मोठी मुलं ई-बर्डवर पक्ष्यांच्या नोंदी टाकतात, फुलाचा फोटो काढून नाव शोधतात, त्यात फोन हे अवजार आहे, काम झालं की खिशात. पोकेमॉन गो आला तेव्हा २०१६ मध्ये मुलं चालायला लागली असं खूप ऐकलं, चालली असतील, चालणं चांगलंच, पण समोर खरा धनेश उडत असताना मान खाली असेल तर त्या चालण्याला मी फार मार्क देणार नाही.

आणि गेमबद्दलच काही करायचं असेल तर त्याच अमेरिकन संघटनेने २०१३ मध्ये मोठ्या मुलांसाठी काढलेला गेम डिझाइनचा बॅज बघा. त्यात वेगवेगळ्या प्रकारच्या चार गेमचा अभ्यास करायचा, मग स्वतः एक गेम तयार करायचा, नियम लिहायचे, कच्चा नमुना करून दुसऱ्यांना खेळायला द्यायचा, त्यांचं ऐकून सुधारायचा, आणि तो गेम कागदाचा, पत्त्यांचा किंवा मैदानावरचा असला तरी चालतो. हे मला पूर्ण पटतं. ज्या मुलाने एकदा स्वतः ठरवलंय की खेळणाऱ्याला कुठल्या ठिकाणी बक्षीस द्यायचं, त्याला कळतं की मोबाइलवर आपल्याला कुठे आणि कसं थांबवून ठेवतात. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर, पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, मानशीपाशी, बसवून मुलांना म्हणा, भरती-ओहोटीचा एक खेळ बनवा, पाणी कधी आत घ्यायचं, दार कधी बंद करायचं, मीठ शेतात शिरलं तर कोण हरलं. अशा खेळाला मी आनंदाने बिल्ला देईन. रेटिंग वाचायला शिकवायचं, वेळापत्रक बनवायचं, हे पण पालकांना आणि मुलांना एकत्र बसवून एका संध्याकाळी करता येईल, त्याला मेडल कशाला, चहा-भजी पुरे.

राहता राहिला मुलं कमी का येतात हा प्रश्न. मी या वेळी न आलेल्या काही मुलांच्या घरी फोन केले. एकाही आईने गेम नाही म्हणून येत नाही असं सांगितलं नाही. आणायला कोण, पोचवायला कोण, हेच जवळपास सगळीकडे. वाड्यावरून सकाळची एक बस, संध्याकाळी परतीला बस नाही, बाबांची ड्युटी वेर्ण्याला, आईला गाडी येत नाही, पावसाळा असेल तर प्रश्नच मिटला. मुलाचा पाय घरातून निघत नाही तो मोबाइलमुळे असं आपण धरून बसलो होतो, आणि कित्येक ठिकाणी तो गाडी नाही म्हणून निघत नाहीये, आणि निघत नाही म्हणून मग मोबाइल. चार टॅबना जेवढे पैसे लागतील त्यात पुढच्या शिबिराला वाळपई आणि साखळीच्या बाजूने एकेक मिनी बस लावता येईल का याचा हिशोब मी आता काढतेय, दोन ड्रायव्हरांशी बोलणं झालंय. ज्यांनी टॅब घेऊन देतो म्हटलं होतं त्यांना मी हेच विचारणार आहे, तेच पैसे डिझेलला द्याल का?